लिंब म्हणून आणलेला बकान

आक्काच्या पलंगावर आता बापू झोपतात. झोपतात म्हणजे पडून असतात. मागच्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. लोखंडी खाटेच्या पट्ट्या पाठीला रुतायला लागल्या, तेव्हा आक्कानं आपला पलंग पुढच्या खोलीत ओढत आणून त्यांना त्यावर घेतलं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेल्यापासून गावच्या घरात ती आणि बापू, आमचे वडील, दोघंच. मी नवीन जालन्यात असते, बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी करते, आणि दोन सुट्ट्या जोडून आल्या की अंबडमार्गे तीर्थपुरीची बस धरते. तिथून पुढं टमटम.

या वेळी गेले तेव्हा चैत्र संपत आला होता. दारात चप्पल काढत होते तेवढ्यात आतून बापूंचा आवाज आला. लकव्यानं त्यांचे शब्द जाड झालेत, पण घरच्या माणसांना कळतात.

"कोन आलंय? पलंग सावलीत घ्या म्हनावं."

"कोन्त्या सावलीत, बापू?" मी सहज विचारलं.

"बकानाच्या. दुसरी कोन्ती हाय?"

आक्का लगबगीनं बाहेर आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि डोळ्यांनीच मला गप्प केलं. नंतर मागच्या दारी भांडी घासता घासता म्हणाली, "रोजचंच हाय. ऊन वर आलं का सुरू व्हतंय. एकदा सांगून बघितलं मी. बापू, झाड न्हाई आता, तोडलं. तर आत्ताच तोडल्यावानी रडले. दिवसभर जेवले न्हाईत. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पलंग सावलीत घ्या. मंग मी सांगायचंच सोडून दिलं."

"मग काय म्हणतेस?"

"घेते म्हनते. घेते म्हनायला काय जातंय?"

बापू ज्या झाडाची सावली मागतात, त्याच झाडाचा तो पलंग आहे. ते त्याच्यावरच पडलेले असतात. डाव्या हातानं त्याची कड धरून ते झाड मागतात.

आक्का पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. आईनं हट्ट धरला होता की दारात लिंब पाहिजे. लिंबाची हवा लेकराला चांगली, पाडव्याला पाला घरचा, धान्यात घालायला पाला घरचा. बापू तीर्थपुरीच्या बाजारातून रोप घेऊन आले. विकणारानं सांगितलं लिंब, बापूंनी मानलं लिंब, आईनं रोज तांब्याभर पाणी घातलं तेही लिंबालाच. रोप होतंही तसंच, तीच कातरलेली पानं, तोच हिरवा रंग. पण ते वाढायला लागलं आणि आईच्या मनात पाल चुकचुकली. लिंब असा सुटलेल्या वासरासारखा वाढत नाही. पुढच्या एका शिमग्याला त्याला फुलं आली तेव्हा सगळा उलगडा झाला. फुलं जांभळी. लिंबाला कुठं जांभळी फुलं येतात?

"लिंब म्हनून आनला अन् बकान निघाला," आई म्हणाली. पुढं आयुष्यभर म्हणत राहिली.

बकान म्हणजे बकानी लिंब. लिंबाचा चुलतभाऊ म्हणा. तोंडवळा तोच, गुण निराळे. बापूंनी मात्र हार मानली नाही. "सावली तर बराबर पडून राह्यली ना?" असं म्हणून त्यांनी आपली बाज झाडाखाली टाकली, आणि मग उन्हाळाभर ती तिथून हलायची नाही.

आमच्या घरात त्या झाडानं एक शब्द दिला. टरबूज कापलं आणि आत पांढरं निघालं की, "ह्ये बी बकान निघालं." बाजारातून आणलेला बैल नांगराला जुंपल्यावर खाली बसला तो बकान. मास्तरांनी सहल काढतो म्हणून सांगितलं आणि नुसती गावाच्या टेकडीवर नेऊन आणली, ती सहलही बकान. बाहेरच्याला कळायचं नाही, आम्ही मात्र एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसायचो. पाडव्याच्या दिवशी तर आमची फजिती ठरलेली. दारात एवढं मोठं झाड आणि गुढीला पाला मागायला आम्ही बहिणी टोपली घेऊन दुसऱ्याच्या बांधावर. शेजारची म्हातारी हटकून विचारायची, "काहून ग पोरींनो, दारचा लिंब वाळला का?" आक्का मान वर न करता पुढं जायची. मी जीभ दाखवायची.

पण पाडव्याच्या आसपास तो काय दिसायचा! पानं कोवळी, त्यात जांभळ्या फुलांचे घोस, आणि संध्याकाळ झाली की वास. जाईजुईसारखा अंगावर येणारा नाही. गोडसर, जरासा तुपकट, जवळ गेलं की हरवायचा आणि लांब गेलं की पुन्हा यायचा. तो वास, अंगणात नुकत्याच मारलेल्या सड्याचा वास आणि चुलीवरच्या भाकरीचा वास मिळून आमच्या घराचा एक वास होता. तो मी पुढं कुठंच घेतला नाही. जालन्यात कुणाच्या बंगल्यासमोर जांभळी फुलं दिसली की मी गाडी थांबवून बघते. पण तिथं सडा नसतो, भाकर नसते.

अंगणात झोपायचो तेव्हा सकाळी गोधडीवर फुलं पडलेली असायची. आई झाडायची आणि कुरकुरायची. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजायचा तो झाडाखाली. कासारीण यायची, सावलीत पाय पसरून बसायची, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका आपोआप आमच्या अंगणात जमायच्या. बांगडी चढताना कुणी ओरडलं की वरची बुलबुलं उडायची. थंडीत सगळी पानं झडून जायची, नुसत्या पिवळ्या गोळ्या लटकत राहायच्या, आणि ऊन थेट अंगणात उतरायचं. बापू म्हणायचे, "शहाणं झाड हाय. उन्हाळ्यात सावली देतंय, थंडीत बाजूला व्हतंय." आई म्हणायची, "तुमच्यापेक्षा शहाणं हाय."

त्या पिवळ्या गोळ्या खायच्या नाहीत, विष असतं, अशी सक्त ताकीद होती. पण त्यांच्या आतल्या बियांना निसर्गानंच भोक पाडलेलं असतं. गोळ्या कुजवायच्या, बिया चोळून धुवायच्या आणि दोऱ्यात ओवायच्या. आक्का ओवायची, मी घालून मिरवायची. आक्काच्या माळा सगळ्या सारख्या असायच्या, एकही बी वाकडी नाही.

एकदा गावचे सुतारमामा झाडाखाली पाणी प्यायला थांबले. त्यांनी बुंध्यावर थाप मारली, कान लावला, आणि बापूंना म्हणाले, "पोरीला पलंग व्हईल ह्याचा. लाल निघतंय लाकूड, सागवानाच्या तोंडात मारील. अन् वाढतंय जल्दी. पोरीची अन् ह्याची बराबर गाठ पडंल."

त्या दिवसापासून तो आक्काचा बकान झाला.

दर दिवाळीला बापू आक्काला झाडाला मिठी मारायला लावायचे. आधी तिच्या हातांची बोटं पलीकडं एकमेकांत अडकायची. मग नुसती टेकायला लागली. "ज्या दिवाळीला बोटं टेकायची न्हाईत, त्या साली तुला उजवायची," असं बापू हसत हसत म्हणायचे, आणि आम्ही सगळे हसायचो. एका दिवाळीला मी झाडाच्या मागं जाऊन बघितलं. आक्का टाचा उचलून, गाल सालीवर घट्ट दाबून, बोटं ताणत होती. नखं पांढरी पडली होती. "टेकली!" ती ओरडली, "टेकली बापू!" टेकली नव्हती. मी काही बोलले नाही. झाड आमच्या दोघींपेक्षा जल्दी वाढून राहिलं होतं, त्याला कोण काय करणार?

स्थळ आलं ते घाईतच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसली ती मंडळी. सुतारमामांनी डोक्याला हात लावला. "लाकूड कापून सावलीत वाळू द्यावं लागतंय, बापू. ओल्या लाकडाचा पलंग आज ना उद्या कुरकुरनार." बापू म्हणाले, तारीख धरलीय. तारीख धरली की मराठवाड्यात झाड काय आणि माणूस काय, कुणाचं काही चालत नाही.

झाडाला फुलं होती तेव्हा. आई म्हणाली फुलं झडून जाऊ द्या आधी, पण तेही तेवढ्यापुरतंच म्हणाली. सकाळीच दोन माणसं दोर आणि कुऱ्हाडी घेऊन आली. आक्का आत जाऊन तूर निवडत बसली. घाव पडायचा आणि तिच्या हातातलं सूप क्षणभर थांबायचं, पुन्हा हलायचं. मी दारात उभी होते, एकदा बाहेर बघायची, एकदा आत. तोडू नका असं कुणीच म्हणालं नाही. आक्काच्या पलंगासाठीच तर लावल्यासारखं झालं होतं ते झाड, मग कोण कसं म्हणणार? ओल्या लाकडाचा कडवट वास घरभर भरला. मग बाहेर माणसं ओरडली, काहीतरी मोठं कोसळलं, आणि त्याबरोबर आमच्या माजघरात ऊन आलं. त्या जागी ऊन कधीच आलेलं नव्हतं. आक्कानं डोळ्यांवर हात धरला. तिच्या सुपातल्या तुरीतले खडे लखलखीत दिसत होते.

कोंबड्या दिवसभर अंगणात इकडून तिकडं पळत राहिल्या. बुलबुलं संध्याकाळी आली, घरावरून दोन फेऱ्या मारल्या आणि गेली.

पलंग झाला मात्र देखणा. डोकीकडच्या फळीवर सुतारमामांनी कमळ कोरलं. ट्रॅक्टरवर रुखवताच्या मधोमध तो उभा केला तेव्हा गावानं मान डोलावली. आक्का गेली. बाज अंगणातच राहिली, पण बापू तिच्यावर बसेनात. सकाळी सावली भिंतीच्या या बाजूला, दुपारनंतर त्या बाजूला, असं ते घराभोवती सावली शोधत फिरायला लागले. खुंट राहिला होता, त्याला आईनं शेळ्या बांधल्या. पावसाळ्यात खुंटाला हटकून कोंब फुटायचे, हिरवे, जोमदार. शेळ्या ते खाऊन टाकायच्या.

आणि मग पलंग परत आला. टेम्पोत, उलटा घातलेला, चार पाय आभाळाकडं. ड्रायव्हरच्या बाजूला आक्का. का, कशानं, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की टेम्पो अंगणात थांबला तेव्हा भर दुपार होती आणि तिला क्षणभर उभं राहायलासुद्धा सावली नव्हती. आई तिला हाताला धरून आत घेऊन गेली. बापू पलंगाच्या एका पायापाशी बसले. पाय उभा चिरला होता. त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओलं व्हतं लाकूड."

आईच्या ओठांवर तो शब्द आला असणार. टरबुजापासून बैलापर्यंत सगळ्यांना लावलेला तो आमचा शब्द. त्या दिवसापासून आमच्या घरात तो त्या अर्थानं कुणी उच्चारला नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मला तयार लोखंडी पलंग दिला. तो कुरकुरत नाही. आई गेली. धाब्याच्या घराची माती दर पावसात गळायला लागली, म्हणून वर पत्रे टाकले. धाबं थंडगार होतं, पत्रे तापतात. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. शेवटची शेळी आक्कानं मागच्या पावसाळ्यात, बापू पडले तेव्हा देऊन टाकली. दोघांचं करणं होईना तिच्याच्यानं. शेळी गेली आणि खुंटाचा एक कोंब वाचला. आक्कानं त्याच्याभोवती बाभळीची काटेरी फांदी लावली. आता तो माझ्या डोक्याएवढा झालाय. या उन्हात त्याची सावली घमेल्याएवढी पडते. त्यात एक कोंबडी बसते.

डॉक्टरांनी सांगितलंय, बापूंना उन्हाची झळ लागू देऊ नका, हा उन्हाळा जड आहे. सांगणं सोपं. मी बापूंना माझ्याकडं नेऊन बघितलं. तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, गादीवर. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाणीसुद्धा चमच्यानं घेईनात. खिडकीबाहेर बघायचे आणि रडायचे. शेवटी परत आणून सोडलं. मला पगार आहे, सुट्ट्या आहेत, ओळखीचे डॉक्टर आहेत, आणि माझ्या बापाला एक झाड पाहिजे. ते मी कुठून आणू?

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास लाईट गेली. कूलर घरघर करत थांबला. पत्र्यांची कडकड ऐकू यायला लागली, ऊन तापलं की ते तसे वाजतात. बापूंच्या कपाळावर आक्का ओला फडका ठेवायची, तो बघता बघता कोमट व्हायचा. त्यांचा श्वास तोंडानं चालला होता.

"सावलीत घ्या," ते म्हणाले. "जीव चाललाय माझा. सावलीत घ्या, पोरींनो."

"घेते, बापू," आक्का म्हणाली.

"रोज घेते म्हनतीस. घेत न्हाईस."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ती उठली, ट्रंकेतून आईचं जुनं हिरवं लुगडं काढलं, खांद्यावर टाकलं आणि पलंगाच्या डोकीकडं जाऊन उभी राहिली. "धर तिकडून," मला म्हणाली. "आत तरी कुठं बरं हाय? भायेर वारं तरी हाय."

पलंग आम्ही ढकलत, ओढत बाहेर काढला. चिरलेला पाय उंबऱ्यावर करकरला. बापूंनी डाव्या हातानं कड घट्ट धरली होती. खुंटापाशी आणून थांबवला, जिथं त्यांची बाज असायची तिथं. लुगड्याची एक बाजू भिंतीतल्या दोन खुंट्यांना बांधली. दुसऱ्या बाजूला बांधायला काही नव्हतं. त्या कोंबाला बांधून बघितलं, तर तो बिचारा वाकून जमिनीला लागला. मग दोघींनी एकेक पदर हातात धरून वर केला. अंतरपाट धरतात तसा, पण आडवा. खाली बापूंच्या अंगावर लुगड्याची पातळ हिरवी सावली पडली.

"संध्याकाळी बांबू आनू," आक्का म्हणाली. "चांगला मांडव घालू."

बापूंनी डोळे उघडले. वर बघितलं. लुगडं वाऱ्यानं जरासं हलत होतं. त्यांचा श्वास हळूहळू नाकावर आला.

"मांडव काहून?" ते म्हणाले. "पोरगी ल्हान हाय अजून."

आक्कानं हातातला पदर जरा वर उचलला.

"ल्हान हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "टेकत्यात अजून तिची बोटं." मग जरा वेळानं, वर बघतच, "लई चांगला वाढलाय पर. सुतार म्हनतोय पलंग व्हईल. लग्नात ह्यालाच तोडायचा."

माझे हात भरून आले होते, पण मला हलता येईना. त्या दिवशी सूप हातात घेऊन बसलेल्या माझ्या बहिणीनं इतक्या वर्षांत कधी तोंडातून जो शब्द काढला नव्हता, तो मी तेव्हा ऐकला.

"नका तोडू, बापू."

बापू हसले. अर्धंच तोंड हसतं त्यांचं आता.

"येडी," ते म्हणाले. "लिंब थोडाच हाय? बकान हाय ह्यो. जल्दी वाढतोय. पुन्हा येतोय."

आक्कानं मान हलवली. बापूंना झोप लागली. आम्ही दोघी लुगडं धरून उभ्या राहिलो, आणि ऊन सरकलं तसतशा आम्हीही थोड्या थोड्या सरकत राहिलो.